मायची वाकळ

माय गेली तेव्हा तिचं अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणे गावाबाहेर नेऊन टाकलं. एक वाकळ मात्र मी आधीच कोठीमागं दडवून ठेवली होती. घरात कोणालाच सांगितलं नाही.

वाकळ म्हणजे तुमची गोधडी. आमच्या महागावकडं बोलताना 'वाकय' म्हणतात. ही वाकळ 1972 च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात शिवलेली. मधला चौकोन आजीच्या नागपुरी लुगड्याचा, दोन्ही काठांसकट. भोवती बाबांच्या धोतराच्या पट्ट्या आणि कोपऱ्यांत माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचे त्रिकोण. आत फाटक्या पातळांचे थर. आमच्या वावरात कापूस पिकायचा, पण वाकळीत त्याचं एक बोंड नसायचं. कापूस विकायचा अन् चिंध्या पांघरायच्या, असा तो हिशेब.

दोन वर्षांपूर्वी पाहिलं तर कडा पार विरल्या होत्या. मधलं मात्र शाबूत होतं. मी बाजारातून जुन्या लुगड्याच्या नक्षीचं नवं सुती कापड आणलं, लालभडक. आता असं कापड सर्रास मिळतं. काठसुद्धा छापलेलाच असतो, विणलेला नसतो. दुकानदार म्हणाला, रंग जाणार नाही. मी तसंच ते टेलरकडं टाकलं. त्यानं मशीनवर बारीक टीप मारून दिली, मीही खूश.

पहिल्याच धुण्यात सगळा घोटाळा. नवं कापड आटलं. जुनं तर पन्नास वर्षांत आटायचं तेवढं आटून बसलेलं, ते मधे फुगलं. बारीक टिपेनं त्याला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडली होती, तिथून ते उसवत गेलं. आणि बाबांचं पांढरं धोतर एका बाजूनं गुलाबी!

दिवाळीला थोरली बहीण आली. तिला आम्ही बाई म्हणतो. तिच्यापुढं वाकळ ठेवली. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मले मायची एक चिंधी बी नाई देल्ली कोणी, अन् तू अख्खी वाकय दडवून बसला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शेतीच्या वाटणीच्या वेळी तिनं मुकाट्यानं सही करून दिली होती, तेच आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ब्लेडनं एकेक टाका उसवला. नवं कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं, दोनदा खळखळून धुतलं, उन्हात कडक वाळवलं. "पयले याची खळ जाऊ दे, याले आटू दे. नवं जोर करते अन् जुनं फाटते." लुगड्याच्या खाली तिनं मऊ जुन्या पातळाचा थर लावला, म्हणजे ताण त्याच्यावर यावा. मशीन नाही, नायलॉनचा दोराही नाही. साधा सुती दोरा आणि हातानं धावदोरा, कडेकडून मधे येत. कापड ओढायचं नाही, बसेल तसं बसू द्यायचं.

पण त्याच्या आधी चौकोनाचा प्रश्न होता. मीच म्हटलं, बाई, अर्धा तुझा. म्हटलं खरं, पण कात्री लावायला हात धजेना. तिनंच लावली. एकेक काठ दोघांच्या वाट्याला आला.

गुलाबी पट्ट्या मी काढून टाकणार होतो. ती म्हणाली, "राहू दे. बाबाले बी एकदा रंग खेयू दे." आयुष्यात कधी होळी न खेळलेला माणूस तो. आम्ही दोघंही हसलो, मग ती पदरानं डोळे पुसत बसली.

दोन्ही वाकळी व्हायला पंधरा दिवस लागले. शेवटचा टाका घालताना मायसारखाच तिनं कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणतात.

गुलाबी पट्ट्यांची वाकळ दोघांनाही पाहिजे होती. ती पिशवीत घालून मीच बाईला एसटीत बसवून दिलं.