घरे विकणाऱ्यांची परीक्षा

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज डॉक्टर, अभियंते, तलाठी, प्राध्यापक, पोलीस अधिकारी आहेत. स्मरणिकेच्या पानांवर त्यांची नोंद होईलच. माझी मुलगीही पाचवी ते दहावी येथेच शिकली. तिने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरे व जमिनी विकण्याचा परवाना मिळविला, हे सांगितले की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. आपल्याकडे या व्यवसायाला दलाली म्हणतात आणि दलाल या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. परंतु त्या परवान्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा मी जवळून पाहिली आहे. 2024 च्या उन्हाळी सुट्टीत मी तिच्याकडे होतो आणि पुस्तक हातात धरून तिला प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे आले. इतिहासाच्या शिक्षकाला त्या पुस्तकात जे सापडले, ते येथे नोंदवावेसे वाटते.

प्रथम परीक्षेचे स्वरूप. प्रत्येकी 45 तासांचे तीन अभ्यासक्रम, म्हणजे एकूण 135 तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. मग राज्याच्या विभागाकडे अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे. परीक्षेत 150 वस्तुनिष्ठ प्रश्न, वेळ तीन तास आणि उत्तीर्ण होण्यास 70 टक्के, म्हणजे 105 उत्तरे बरोबर हवीत. एवढे करूनही स्वतंत्र धंदा करता येत नाही. परवानाधारक ब्रोकरच्या हाताखालीच काम करावे लागते. गहाण, करार, कर, मूल्यांकन, मालकी हक्काचे प्रकार असा सारा रुक्ष मजकूर. एका एकरात किती चौरस फूट, हा तेथील विद्यार्थ्यांच्या घोकंपट्टीचा विषय. तिने मात्र क्षणात 43,560 सांगितले. गुंठा 1,089 चौरस फुटांचा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तिने आजोबांकडून ऐकले होते. वतनाच्या जमिनीच्या वाटण्या ज्या घरात तीन पिढ्या मोजल्या गेल्या, त्या घरातील मुलीला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पुढे भेदभावविरोधी गृहनिर्माण कायद्याचे प्रकरण आले आणि मी थबकलो. त्यात ‘स्टीअरिंग’ हा शब्द होता. ग्राहकाचा वंश, धर्म किंवा राष्ट्रीयत्व पाहून त्याला ठरावीक वस्तीकडे वळविणे आणि दुसऱ्या वस्तीतील घरे त्याला न दाखविणे, असा त्याचा अर्थ. ते बेकायदेशीर आहे आणि त्यापायी परवाना जाऊ शकतो. मी नोकरीला लागलो तेव्हा तालुक्याच्या गावी भाड्याची खोली शोधत होतो. मध्यस्थाने भाडे किती परवडेल हे विचारण्याआधी आडनाव विचारले. ते ऐकल्यावर अतिशय सौजन्याने म्हणाला, “सर, तुमच्या लोकांची वस्ती नाक्यापलीकडे आहे. तिकडे तुम्हाला बरं पडेल.” त्याच्या बोलण्यात शिवी नव्हती, नकारही नव्हता. तक्रार करायची तर नेमकी कशाची, हे मला इतिहासात एम. ए. करूनही सांगता आले नसते. त्या पुस्तकात त्या कृत्याला नाव होते, व्याख्या होती आणि चार पर्यायांतून ते ओळखायला सांगितले होते.

मुलगी व्याख्या पाठ करीत होती. मी तिला त्यामागील इतिहास सांगू लागलो. 1924 साली अमेरिकेतील मालमत्ता-व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतच कलम घातले होते. ज्यांच्या येण्याने वस्तीतील मालमत्तेची किंमत घसरेल अशा वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना तेथे आणण्यास सभासदाने कधीही साधन होऊ नये, असा त्याचा आशय. म्हणजे भेदभाव करणे हीच व्यवसायाची नीती होती! 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या, म्हणजे कर्ज देण्यास धोक्याच्या. कॅलिफोर्नियाने 1963 मध्ये घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, तर पुढच्याच वर्षी राज्यातील याच व्यावसायिकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन जनमताचा कौल लावला आणि सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो कायदा निष्प्रभ केला. 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कौल घटनाबाह्य ठरविला. 4 एप्रिल 1968 रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, 11 एप्रिलला, देशव्यापी कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. तारीख ऐकताच मुलगी म्हणाली, “पप्पा, फुले जयंती!” ती तारीख तिला पुन्हा पाठ करावी लागली नाही.

संरक्षित गटांची यादी वाचताना तिने विचारले, “यात जात कुठे आहे?” वंश, वर्ण, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, अपंगत्व, मुले असलेली कुटुंबे ही केंद्रीय कायद्यात आहेत, कॅलिफोर्नियाने त्यात पूर्वजपरंपरेसह आणखी गट जोडले आहेत. जात हा शब्द नाही. 2023 मध्ये तो घालण्याचे विधेयक तेथील विधिमंडळाने संमत केले होते. पण विद्यमान गटांतच जात येते, असे सांगून राज्यपालांनी ते नाकारले. मला हा युक्तिवाद पटत नाही. ज्या गोष्टीला कायद्यात नाव नाही, ती परीक्षेत विचारली जात नाही. आणि परीक्षेत नसलेले कोणी वाचत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल.

आपल्याकडे याच्या उलट आहे. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी वसतिगृहातून कसे बाहेर काढले गेले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पुढे 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याच्या चौथ्या कलमात, कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरला. अमेरिकेच्या आधी तेरा वर्षे! आज तोच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. महारेराने 2023 मध्ये महाराष्ट्रातील एजंटांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे चांगलेच झाले. त्या प्रशिक्षणात हे कलम ठळकपणे शिकविले जावे आणि आडनाव विचारून वस्ती सुचविणाऱ्याचे उदाहरण प्रश्नपत्रिकेत असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, प्रशासनात असलेलेही आहेत. त्यांनी हे मनावर घ्यावे.

परीक्षा ओकलंड येथे झाली. त्याच शहरात 1966 मध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि सहा वर्षांनी त्याचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. केंद्राबाहेर वाट पाहताना मला त्याच गोष्टी आठवत होत्या. ती उत्तीर्ण झाली. तेथे उत्तीर्णांना गुण कळवीत नाहीत, त्यामुळे “किती मार्क पडले?” या तिच्या आईच्या प्रश्नाला आजतागायत उत्तर मिळालेले नाही.

ती काम करते त्या कार्यालयात भेदभाव होणार नाही असे जाहीर करणारे छापील पत्रक भिंतीवर आहे. तसे लावणे सक्तीचेच आहे. त्याचे छायाचित्र मागवून मी नववीच्या वर्गात लावले आणि शेजारी आपल्या कायद्याचे चौथे कलम स्वतःच्या हाताने लिहून डकविले. एका मुलाने विचारले, “सर, आपला कायदा आधीचा ना? मग त्यांचा छापील आणि आपला हाताने लिहिलेला का?” त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून आम्ही ते कलम वाचायला घेतले.