शेवाळाला दिलेली खोली

घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आहे म्हटलं की बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाणी गोव्याहून आणता का हो?’ चोर्ला घाट उतरलं की समुद्र काही फार लांब नाही, हे खरं. पण पावसाळ्यात नद्यांच्या मुखाजवळचं पाणी गोडसर होतं, आणि एरवी त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. म्हणून आम्ही समुद्र घरीच कालवतो. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, तेही मत्स्यपेटीसाठी वेगळं मिळतं ते. स्वयंपाकघरातलं चालत नाही.

ही चार फुटी पेटी आमच्या चिरंजीवांची. त्याची बदली हैदराबादला झाली, सूनबाईची शाळा इथंच, त्यामुळे पेटी आणि तिच्यातली क्लाउनफिशची केशरी जोडी आमच्या पदरात पडली. (पोवळी विचारू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती घरात ठेवता येत नाहीत.) हे मासे नीट सांभाळले तर पंधरा वर्षं सहज जगतात. सांभाळायचं म्हणजे आठवड्याला 50 लिटर पाणी बदलायचं. दर खेपेला पावणेदोन किलो मीठ, शिवाय आरओतून वाहून जाणारं पाणी वेगळंच, आणि आमच्या भागात नळ रोज येत नाही. बादल्या उचलणारे आम्ही दोघंही साठी उलटलेले. यांच्या कमरेनं असहकार पुकारला तेव्हा पेटी विकायचं जवळजवळ ठरलंच. एक गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं.

सूनबाई धारवाडची, विज्ञान शिकवते. ती म्हणाली, ‘‘अत्ती, मारब्याड्री. पाची बेळसोणु!’’

पाची? रोज सकाळी काचेवरचं शेवाळ घासून माझे हात दुखायचे, आणि ही म्हणते शेवाळ वाढवू या!

तिनं मला समजावलं ते असं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथं गाडी अडते. नायट्रेट पाण्यात साचत राहतं, म्हणून पाणी बदलावं लागतं. पण हेच नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खत. पेटीखालच्या टाकीत शेवाळाला वेगळी खोली आणि भरपूर उजेड दिला, तर ते तिथं वाढतं आणि वर काचेवरच्या शेवाळाला खायला कमी उरतं. या खोलीला रेफ्युजियम म्हणतात, म्हणजे आसऱ्याची जागा.

आमच्या खालच्या टाकीत काच चिकटवून 40 लिटरचा कप्पा केला. पाणी त्यातून सावकाश फिरतं. शेवाळ घेतलं ते केटोमॉर्फा, हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यांचा गुंता असावा तसं. कॉलर्पा दिसायला देखणी, पण कधी कधी ती एका रात्रीत जननपेशी सोडून विरघळते आणि पाणी दुधाळ होतं. तिचीच एक जात 1984 मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात आढळली आणि पुढं भूमध्य समुद्रात मैलोन्‌मैल पसरली. तेव्हा पेटीतलं कुठलंही शेवाळ गटारात किंवा समुद्रात टाकायचं नाही, हा सूनबाईचा दंडक आहे.

दिवा 18 वॅटचा, रात्री बारा तास. हिशेब केला तर महिन्याला साडेसहा युनिट. रात्रीच का? वरचा दिवा बंद झाला की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून आम्लता वाढते, खालचं शेवाळ तो शोषून घेतं. दिव्याचा जांभळा उजेड कपाटाच्या फटीतून बाहेर येतो. समोरच्या काकूंनी ‘‘नवीन देव्हारा केलात का?’’ म्हणून विचारलंच.

महिन्याभरानं भिंग घेऊन पाहिलं तर त्या गुंत्यात पांढरे ठिपके तुरुतुरु पळताना दिसले. कोपेपॉड म्हणतात त्यांना. वर असते तर माशांनी केव्हाच फस्त केले असते. इथं ते निवांत वाढतात, आणि थोडे पंपातून वर जाऊन माशांच्या तोंडी लागतात. सूनबाईनं कपाटाच्या दारावर खडूनं लिहून टाकलं, ‘तवरमनी’. मला वाटतं माहेरी इतका धोका नसावा, पण नाव घरात रुळलं.

नायट्रेट 40 वरून 10 पर्यंत यायला चार महिने लागले. घाई असणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. पाणी बदलणं अगदी सुटलेलं नाही, पण आता पंधरवड्याला 20 लिटर पुरतं, आणि तेवढी बादली मी एकटी दोन खेपांत नेते. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

शेवाळ नुसतं वाढवून मात्र भागत नाही. ते कापून बाहेर काढलं तरच त्यानं शोषलेलं पेटीबाहेर जातं, नाहीतर कुजून सगळं परत पाण्यात. म्हणून महिन्यातून एकदा कापणी. मूठभर मागे ठेवायचं, बाकीचं साध्या पाण्यात दोनदा खळबळून खताच्या खड्ड्यात. गेल्या कापणीला हैदराबादहून व्हिडिओ कॉल आला, आणि चिरंजीव आईबापाची चौकशी करायच्या आधी म्हणाले, ‘‘जरा कपाट उघड, किती वाढलंय बघू.’’