खानयारची कबर

श्रीनगरच्या खानयार वस्तीत रोझाबल नावाचे एक लहानसे श्रद्धास्थान आहे. तेथील कबर यूझ आसफ या सत्पुरुषाची मानली जाते. अठराव्या शतकात ख्वाजा मुहम्मद आझम यांनी फारसीत लिहिलेल्या काश्मीरच्या इतिहासात तिचा उल्लेख परदेशातून आलेल्या राजपुत्राची कबर म्हणून येतो; येशूची म्हणून नव्हे. येशू क्रुसावर मूर्च्छित झाला, बरा झाला व पूर्वेकडे येऊन येथे निवर्तला, हे प्रतिपादन मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातून पुढे आले.

क्रुसावरून जिवंत उतरणे सर्वथा अशक्य नव्हते. इतिहासकार जोसेफसने आपल्या तीन परिचितांना क्रुसांवरून उतरवण्याची अनुज्ञा टायटसकडून मिळवली होती. वैद्यांनी शर्थ केली; तरीही दोघे दगावले, एकच जगला. तेव्हा शंकेला जागा आहे. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय येशूच्या बाबतीत अशा सुटकेची नोंद कोठेही नाही. पुनरुत्थानावर विश्वास नसलेल्या डाव्हिड श्ट्राउस या जर्मन पंडितानेच १८६४ मध्ये मूर्च्छेच्या कल्पनेवर मर्मभेदी आक्षेप घेतला: जखमांनी जर्जर, शुश्रूषेची याचना करणारा माणूस पाहून शिष्यांना मृत्युंजयाचा साक्षात्कार कसा व्हावा? त्यांच्या मनात करुणा दाटली असती, नवा धर्म उगवला नसता.

खरे रहस्य आहे ते नावात. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द अरबीत ‘बूदासफ’ झाला. अरबी लिपीत ब आणि य यांच्यात केवळ नुक्त्याचा फरक. लेखकूंच्या हातून त्याचा ‘यूदासफ’ व पुढे ‘यूझासफ’ झाला. बुद्धचरित्रावर आधारलेल्या या राजपुत्राच्या कथेच्या अरबी परंपरेत त्याचा देहान्त काश्मीरात होतो. हे काश्मीर मूळचे कुशीनारा असावे, असे अभ्यासक मानतात. हीच कथा जॉर्जियन, ग्रीक व लॅटिन भाषांतून युरोपात पोहोचली आणि जोसाफट या नावाने तिचा नायक ख्रिस्ती संतमालिकेत जाऊन बसला. २७ नोव्हेंबर हा त्याचा स्मरणदिन ठरला.

म्हणजे ज्या नावाच्या आधारे ख्रिस्ताला काश्मीरात आणले जाते, ते नाव बुद्धाकडे बोट दाखवते. एका धर्माच्या संस्थापकाची कथा दुसऱ्या धर्माच्या वेदीपर्यंत चालत गेली, हे सत्य कोणत्याही कल्पिताहून विस्मयकारक आहे. आणि कबरीवरच्या वादात झाकोळले जाते ते नेमके हेच.

असे सिद्धान्त रुजतात, कारण ते दोन भुका एकदम भागवतात. चमत्कार मानण्यास संकोचणाऱ्या बुद्धीला ते तर्काचा आभास देतात आणि थोर पुरुष आपल्याच मातीत विसावला, असे समाधान स्वभूमीच्या अभिमानाला देतात. श्रद्धावंताचे पुनरुत्थान इतिहासाकडे प्रमाणपत्र मागत नाही. हा सिद्धान्त मात्र स्वतःला इतिहास म्हणवतो. म्हणून त्याने इतिहासाच्याच कसोटीला उतरले पाहिजे. तेथे त्याच्या हाती उरते ती एक कबर, आणि तिच्यावर दुसऱ्याचे नाव.