गृध्रकुळाचा क्षय

‘गृध्’ म्हणजे हाव धरणे. या धातूवरून पूर्वजांनी गिधाडास ‘गृध्र’ म्हटले. हा त्या पक्ष्यावर अन्यायच होय, असे आम्हांस वाटते. पांढऱ्या पाठीचे गिधाड मेलेले जनावर खाऊन गावाची घाण निवारते. शिवाय ज्या जटायूस प्रभु रामचंद्रांनी अग्नी दिला, तो गृध्रच ना?

असा हा पक्षी १९९२ ते २००७ या काळात भारतात शेकडा ९९.९ घटला! कारण, गुरांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. ते अंगात असताना मेलेल्या गुराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली सरकारने गुरांसाठी त्यास बंदी केली खरी. परंतु मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. मुंबईच्या पारशी बांधवांस तर आपल्या दोखम्यांत सूर्याची उष्णता एकवटणारी साधने बसवावी लागली.