दिवा जरा जास्तच उजळला

संध्याकाळी चाळीतला पिवळा बल्ब एकाएकी पांढराशुभ्र होतो. पंखा गरगरू लागतो. घरातलं कुणीतरी खुशीत म्हणतं, "आज व्होल्टेज भारी आहे हं!" शेजारच्या बिऱ्हाडात त्याच वेळी दिवा मिणमिणतो आणि फ्रीज नुसताच गुरगुरतो. वायरमनला एवढं ऐकून पुरतं. "न्यूट्रल तुटलाय काकू, आधी मेन बंद करा."

फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये 400. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एका माळेत ओवली जातात आणि ते 400 आपसांत वाटून घेतात. वाटणी मात्र उफराटी. ज्याच्याकडे गिझर नि इस्त्री चालू, त्याच्या वाट्याला थोडे. ज्याच्याकडे एक बल्ब नि एक टीव्ही, त्याच्या अंगावर जवळजवळ सगळे. तारेचा बल्ब उजळतो तो आपलं आयुष्य जाळून. दाब नुसता दहा टक्के वाढला, तरी त्याचे दिवस निम्म्याहून कमी होतात.

दुसऱ्या दिवशी तो टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर उघडा पडलेला असतो. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाखवतो, "हा बघा, कंडेन्सर फुगलाय." अंगठ्याएवढं नळकांडं. कुशीवर 400 व्होल्ट असं छापलेलं, टाळूवर फुलीसारखी खाच, आणि ती टाळू पुरीसारखी टम्म. 230 व्होल्टचा प्रवाह एकदिश केला की या कंडेन्सरवर सुमारे 325 येतात, म्हणजे ऐसपैस जागा होती. 400 आत शिरले तेव्हा मात्र ते 565 च्या घरात गेले.

छापलेल्या आकड्याला आतमध्ये खरोखरची जाडी असते. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढवतात, दर व्होल्टमागे साधारण 1.4 नॅनोमीटर. 400 व्होल्टचा कंडेन्सर तग धरतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ अशा पापुद्र्यावर. दाब वाढला की त्यातून प्रवाह झिरपतो, आतला द्रव तापतो, वायू कोंडतो. टाळूवरची खाच त्यासाठीच असते: फुटायचंच तर तिथं फुटावं.

कंडेन्सर निदान फुगून तरी सांगतो.

13 एप्रिल 1970 रोजी चंद्राच्या वाटेवर असलेल्या अपोलो 13 मध्ये प्राणवायूची दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली. लव्हेल, स्वायगर्ट आणि हेज हे तिघं चांद्रयानाच्या आसऱ्यानं 17 एप्रिलला जिवंत परतले. चौकशी पोचली ती एका चिमुकल्या थर्मोस्टॅटपाशी. टाकीतल्या हीटरवर तो राखणीला होता आणि यानातल्या 28 व्होल्टसाठी बनवलेला होता. फ्लोरिडातल्या प्रक्षेपणतळावर हीटरला मिळत 65 व्होल्ट. 1965 मध्ये हीटरचा तपशील बदलला. थर्मोस्टॅट तोच राहिला. कागदपत्रं अनेक हातांखालून गेली, पण विसंगती कुणाच्या नजरेस आली नाही.

मार्चअखेरच्या चाचणीत ती टाकी नेहमीसारखी रिकामी होईना. आतला द्रवरूप प्राणवायू उकळून घालवायचा म्हणून हीटर सुमारे आठ तास चालू ठेवला. तापमान 80 अंश फॅरनहाइटला पोचलं आणि थर्मोस्टॅट उघडू लागला. 28 व्होल्टवर ठिणगी तिथंच विझली असती. 65 व्होल्टनं ती पेटती ठेवली, आणि स्विचची टोकं वितळून एकमेकांना चिकटली. हीटर तापतच राहिला. आतल्या नळीचं तापमान काही ठिकाणी हजार अंशांपर्यंत गेलं असावं, असा चौकशीतला अंदाज. तारांवरचं टेफ्लॉन होरपळलं. दोन आठवड्यांनी त्याच तारांत ठिणगी पडायची होती.

तळावरच्या खोलीत तेव्हा टाकीचं तापमान दाखवणारा काटा 80 वर स्थिर होता. बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं. त्या मापकावर 80 च्या पुढं आकडाच नव्हता.