नाकाची शस्त्रक्रिया ठरवताना

नाक चोंदण्याची तक्रार बारा आठवड्यांहून अधिक टिकली, तर तिला साधी सर्दी म्हणून सोडून देऊ नये. तो सायनसचा जुनाट दाह असू शकतो. माझ्या बाबतीत त्याला वर्षे लोटली. जड डोके, ठणकणारे गाल अंगवळणी पडले. जिव्हारी लागले ते वास जाणे. फोडणी करपली, दूध नासले, तरी कळेना. गॅस गळाला तर कसे कळणार, हा घरच्यांना धसका. आपल्या घरातील वृद्धांना हे आवर्जून विचारा. डोकेदुखी ते सांगतात. वास गेल्याचे बहुधा मनातच ठेवतात.

गालाच्या हाडातील पोकळीचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूस असते, म्हणून स्राव सहजी वाहून जात नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे आणि औषधी फवारा, दोन्ही महिनोन्महिने झाले. सीटी स्कॅनमध्ये मार्ग बंदच दिसले, तेव्हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला. तीत चेहऱ्यावर छेद नसतो. नाकपुडीतूनच ती तोंडे मोकळी करतात.

सत्तरीनंतर भूल घ्यायची म्हणजे धास्ती वाटतेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे मी पहिल्याच भेटीत सांगितले. ती थांबवावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. वास परत येईलच, अशी हमी त्यांनी दिली नाही. नाक धुणे पुढेही चालू ठेवावे लागेल, हेही बजावले. खरे सांगायचे तर, त्या स्पष्टपणामुळेच मी होकार दिला.

तारीख पुढील महिन्याची आहे. तोवर दूध हुंगून पाहण्याचे काम नातीकडे.