हिशेबात नसलेली मुलगी

मुलींसाठी कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला लोक हटकून एक प्रश्न विचारतात, तो असा की तुमची नायिका दर वेळी पोरकीच का असते. आणि विचारणाऱ्याच्या स्वरात एक सूक्ष्म आरोपही दडलेला असतो, की आईबापांना पहिल्याच प्रकरणात स्वर्गवासी करून लेखिकेने आपली सोय पाहिली आहे. आरोप अगदीच बिनबुडाचा नाही. आईबाप हयात असले म्हणजे मुलीच्या आयुष्यातले लहानमोठे सर्व निवाडे तेच करणार, आणि ज्या पात्राला स्वतःचा एकही निवाडा करता येत नाही त्याला घेऊन दोनशे पाने काढणे कठीण असते. परंतु या व्यवसायात बराच काळ गेल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे, की पोरकेपणापेक्षाही या कथांना दुसऱ्याच एका गोष्टीची निकड असते: ज्या घरात मुलगी जाते, त्या घराने तिला मागितलेले नसावे. तिच्या नावाचे पान तिथे वाढलेले नसावे, तिची खोली मुक्रर झालेली नसावी, घराच्या जमाखर्चात तिची रक्कम कोणत्याच बाजूला धरलेली नसावी. असे असले तरच पुढे सांगण्यासारखे काही उरते.

लूसी मॉड माँटगोमेरी या कॅनडातील लेखिकेला हे मर्म एका जुन्या टिपणवहीत सापडले. कोणा वृद्ध जोडप्याने अनाथाश्रमाकडे मुलगा मागितला आणि चुकून मुलगी आली, एवढाच मजकूर तिने पूर्वी केव्हातरी टिपून ठेवला होता. तिची स्वतःची आई ती दोन वर्षांचीही नसताना वारली होती, आणि प्रिन्स एडवर्ड बेटावरील कॅव्हेंडिश या गावी, जिथे घरातच टपालकचेरी चाले अशा आजोळी, ती लहानाची मोठी झाली होती; तेव्हा नात्याच्या घरातही आश्रितासारखे राहणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होते. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' हे तिचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांकडून साभार परत आले, टोपीच्या खोक्यात काही काळ पडून राहिले, आणि अखेर 1908 मध्ये बोस्टनहून प्रसिद्ध झाले. कथेतील भाऊबहीण, मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट, यांना मुलगा हवा असतो तो वात्सल्यापोटी नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. मॅथ्यूने साठी गाठली आहे, त्याचे हृदय अशक्त आहे, आणि शेतावर हाताखाली एक पोर असावे असा तो साधा व्यवहार आहे. तो काळच तसा होता. इंग्लंडमधून एक लाखाहून अधिक पोरकी व निराधार मुले जहाजांतून कॅनडात रवाना झाली, आणि त्यांतली बहुसंख्य शेतावर वा घरकामाला लावली गेली. मरिलाला इंग्लंडहून आलेले पोर नको, इथल्या मातीतले हवे, एवढाच तिचा आग्रह. बाकी मागणी तीच. आणि स्थानकावर उतरते ती लाल केसांची, अकरा वर्षांची, अखंड बोलणारी मुलगी.

आपल्याकडच्या वाचकाला यात परके वाटण्याचे काही कारण नाही. 1956 चा कायदा येईपर्यंत हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घ्यावयाचा तो सामान्यतः मुलगाच. कारण दत्तकामागचे प्रयोजन पिंडदान, वंश आणि वतन हे होते, आणि या तिन्ही खात्यांत मुलीचा दाखला कुठेच नव्हता. दत्तकाच्या मंजुरी-नामंजुरीवर राज्ये राहिली आणि गेली; साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले ते दत्तक मान्य न झाल्यामुळेच. त्या सगळ्या खलित्यांत, अर्जांत, फैसल्यांत पोरक्या मुलीविषयी एक अवाक्षर सापडायचे नाही. म्हणून ती नव्हती असे मात्र नाही. वारलेल्या बहिणीची मुलगी, दिराच्या मागे राहिलेली पोर, गावाकडून कोणीतरी आणून सोडलेली नात्यातली नात, अशी एक तरी मुलगी जुन्या मोठ्या घरांतून असेच. ती तिथे जेवे, निजे, भांडी विसळी, मुले खेळवी, परंतु ती या घराची कोण, हे कोणत्याही दस्तऐवजात रुजू झालेले नसे. मराठीत या मुलीवर लिहू पाहणाऱ्याला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही, आपल्याच वाड्याची माडी उतरून माजघरात डोकावले की पुरते.

आता कारागिरीची गोष्ट. नवशिक्या लेखकाची अशी समजूत असते की या कथेत बदलते ती मुलगी: हट्टी असते ती शहाणी होते, रडवी असते ती हसू लागते. माझा अनुभव उलट आहे. मुलगी फारशी बदलत नाही, तिने बदलूही नये; बदलावे लागते ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला, आणि त्याचे वय, सवयी व अभिमान लक्षात घेता ते काम दुष्कर असते. शिवाय ते माणूस बदलल्याचे तोंडाने कबूल करणार नाही, ही अट लेखकाने आपल्यावर घालून घ्यावी. ज्या म्हाताऱ्याने उभ्या जन्मात मायेचा शब्द उच्चारला नाही, तो विसाव्या प्रकरणात एकाएकी गहिवरून बोलू लागला, की बालवाचक पुस्तक मिटतो.

माँटगोमेरीने हे कसे साधले आहे ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मॅथ्यू स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या पेटीवर बसून जड बूट काढीत असतो, तोच ॲन आणि तिच्या मैत्रिणी नाटकुल्याची तालीम संपवून किलबिलत आत येतात. बायकांपुढे त्याची वाचा बसते, म्हणून तो एक बूट हातात घेऊन अंधारात तसाच दडून राहतो; आणि पाहता पाहता त्याला जाणवते की ॲन या सगळ्यांपेक्षा काहीतरी निराळी दिसते. काय निराळे, ते त्याला कळत नाही. मरिलाचा रोष पत्करून तो पाइप ओढीत विचार करीत बसतो, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात येते की इतर मुलींच्या झग्यांच्या बाह्या फुगीर आहेत आणि ॲनच्या तशा नाहीत. झगा शिवायचे ठरते. नेहमीच्या दुकानात मुली गिऱ्हाइके पाहतात म्हणून तो मुद्दाम दुसऱ्या दुकानी जातो, तर तिथेही नेमकी एक नवी तरुण विक्रेती उभी. मॅथ्यू घामाघूम होतो, भर हिवाळ्यात बागेचा दंताळा मागतो, गवताचे बी मागतो, आणि शेवटी काहीच सुचेना तेव्हा वीस पौंड तपकिरी साखर विकत घेऊन घरी परततो, जिचे करायचे काय हा प्रश्न मरिलाला पडतो. अखेर शेजारच्या लिंडबाईंना गाठून तो त्यांच्याकरवी झगा शिवून घेतो. या साऱ्या खटाटोपात मॅथ्यूच्या तोंडी प्रेमाचा एक शब्द नाही. दंताळा आणि वीस पौंड साखर हीच त्याची साक्ष, आणि ती इतकी भक्कम आहे की तिला जामीन लागत नाही. मी जेव्हा जेव्हा एखादे प्रकरण भावनेने पातळ होऊ लागलेले पाहते, तेव्हा स्वतःला विचारते, की या माणसाने बाजारातून काय चुकीचे आणले?

करुणेविषयीही असेच थोडे बोलले पाहिजे. पोरक्या मुलीची कणव वाचकाला यावी म्हणून लेखकाने तिला गोड करण्याची गरज नसते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेने 'द सीक्रेट गार्डन' या 1911 च्या कादंबरीत तर नायिकेला उघडउघड अप्रिय केले आहे. मेरी लेनक्स ही हिंदुस्थानात जन्मलेली, आयांच्या हातांवर वाढलेली, कोणीही 'नाही' म्हटले की थयथयाट करणारी पिवळट पोर. पटकीच्या साथीत आईबाप जातात, नोकर पळतात, आणि रिकाम्या बंगल्यात तिची आठवण कोणालाच राहत नाही. तिला यॉर्कशायरात काकाजींच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, प्रचंड आणि उदास वाड्यात पाठविले जाते. तिथली मोलकरीण मार्था सुटी घेऊन घरी जाते आणि परत येताना एक उडी मारायची दोरी आणते, मुठींना लाल-निळे पट्टे असलेली. बारा मुलांच्या त्या गरीब आईने मार्थाच्याच पगारातले दोन पेन्स खर्चून ती फेरीवाल्याकडून घेतलेली असते. मेरीला आभार कसे मानतात ते ठाऊक नाही. ती ताठपणे हात पुढे करते, कारण दुसरे काय करावे हे तिला सुचत नाही. त्या अवघडलेल्या हातावर मी त्या कादंबरीतील पुढची सारी फुले ओवाळून टाकीन.

या कादंबरीवर माझा एक राग मात्र आहे, आणि तो अद्याप निवळलेला नाही. उत्तरार्धात वाड्याचा आजारी वारस कॉलिन बागेत पाऊल टाकतो आणि कथेची सूत्रे हळूहळू त्याच्या हाती जातात. शेवटी बापलेकांची भेट होते, दोघे हिरवळीवरून ताठ मानेने चालत येतात, नोकरमंडळी थक्क होतात, आणि जिने कुलूप शोधले, किल्ली लावली, रडणाऱ्या मुलाला रात्री दटावून उठविले, ती मेरी शेवटच्या ओळीत नाही. घर मिळते ते वारसाला. बर्नेटबाईंच्याच 'अ लिटिल प्रिन्सेस'मध्येही असेच आहे: पोटमाळ्यावर उपाशीपोटी जिवाभावाची झालेली बेकी, नायिका साराला संपत्ती परत मिळताच, साराची सेविका म्हणून तिच्यामागे जाते. त्या काळाच्या वाचकाला यात वावगे वाटले नसेल. मला वाटते.

मैत्री हा तसा वेगळा जिन्नस आहे. कुटुंबात मान, वय, अधिकार यांच्या पायऱ्या असतात. मैत्रीण उंबरठ्याबाहेरची आणि बरोबरीची लागते, आणि ती केवळ गोड स्वभावाच्या बळावर टिकत नाही. ॲनने सरबत समजून आपली मैत्रीण डायना हिला द्राक्षासवाच्या जातीचे घरगुती मद्य पाजलेले असते, म्हणून डायनाची आई दोघींची गाठभेट बंद करते. विनवण्यांचा उपयोग होत नाही. पुढे एका रात्री वडीलमंडळी गावी गेलेली असताना डायनाच्या धाकट्या बहिणीचा घसा घरघरू लागतो, आणि ॲन शांतपणे पाणी तापवते, औषधाची बाटली मागते, पहाटेपर्यंत पोरीला वाचवते. तिला हे येते, कारण ग्रीन गेबल्सला येण्यापूर्वी ज्या घरात ती राबत होती तिथे तीन वेळा जुळी झालेली होती आणि त्या सर्वांची उस्तवार तिनेच केली होती. लेखिकेने ती जुळी फार आधी, जवळजवळ विनोदाने, सांगून ठेवली आहेत. आश्रितपणात नाइलाजाने शिकलेले काम इथे तिची स्वतःची मिळकत होऊन बसते. शान्ताबाई शेळक्यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे घरोघर पोचलेल्या त्या चार बहिणींना असे काही मिळवावे लागत नाही, त्यांना घर जन्मतःच आहे; त्या पुस्तकात घर शोधणारा कोणी असेल तर तो शेजारचा एकटा मुलगा.

योहाना श्पीरी या स्विस लेखिकेची 'हायडी' 1880 आणि 1881 अशी दोन भागांत आली. मावशी डेटे हायडीला डोंगरावरच्या विक्षिप्त आजोबांकडे नेऊन टाकते, आणि गाठोडे उचलण्याचा त्रास वाचावा म्हणून ऐन उन्हाळ्यात तिच्या अंगावर एकावर एक असे दोन झगे चढविते. एखाद्या पोरीची किंमत तिच्या माणसांनी काय केली आहे, हे दाखविण्यासाठी याहून अधिक काही लिहावे लागत नाही. पुढे फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात हीच पोर डोंगरावरच्या शेजारच्या आंधळ्या आजीसाठी मऊ पांढरे पाव कपाटात लपवून साठविते. पण माझे विशेष लक्ष जाते ते शेवटाकडे. फ्रँकफुर्टचे डॉक्टरसाहेब आजोबांना शब्द देतात की आपल्या मागे हायडीची तजवीज पोटच्या मुलीसारखी होईल. समीक्षक याला व्यावहारिक, रूक्ष शेवट म्हणोत. म्हातारपणी मूल सांभाळणाऱ्याला रात्री झोप का लागत नाही, हे श्पीरीबाईंना माहीत होते.

माझ्या एका कादंबरीत गिरणगावातली एक पोर राजापूरकडे वडिलांच्या लांबच्या काकूकडे येऊन पडते. काकू खमकी, पहिल्या रात्री तिला माजघरात फडताळापाशी, वळकटीतली सर्वांत खालची, विटलेली वाकळ मिळते, आणि पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच वाकळीला काकूच्या स्वतःच्या लुगड्याचा नवा थर लागतो. मला वाटले होते की एवढ्याने भागले. पुस्तक निघाल्यावर खानदेशातल्या एका वाचक मुलीचे पोस्टकार्ड आले: बाकी सगळे आवडले, पण तिचे नाव रेशनकार्डावर घातले की नाही? दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी एक प्रसंग वाढविला. काकू पोरीला घेऊन तालुक्याच्या कचेरीत जाते, तासभर रांगेत उभी राहते. कारकून टाक बुडवून विचारतो, "कुटुंबप्रमुखाशी नातं काय लिहू?"

"तुमच्या रकान्यात काय काय बसतं ते वाचा."

तो वाचतो: पती, मुलगा, मुलगी, सून, इतर.

"मुलगी लिहा," काकू म्हणते. "आणि साखर या महिन्यापासून धरा, पुढल्या नाही. पोर या महिन्यापासून माझ्याकडे चहा पितेय."

कारकून म्हणतो, तसा नियम नाही. काकू म्हणते, मग साहेबांना बोलवा.